सगळं माहीत असतं, तरीही

सकाळी ९. केसपेपरची रांग लागायच्या आत टेबलावर कंडोमचं खोकं आणि लाकडी मॉडेल मांडते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक आहे.

१०. गरोदर बायांची तपासणी, प्रत्येकीची संमती घेऊन. नवरा बाहेरगावी कामाला असतो का, विचारलं की बऱ्याच जणी मान खाली घालतात. कंडोमचा निर्णय घरात त्यांच्या हाती नसतोच.

११.३०. ट्रकचालक. "मॅडम, मला सगळं माहितीय." खरंच माहीत होतं. हायवेवर एका बाईकडे जायचा, सुरुवातीला न चुकता कंडोम वापरायचा.

"मग का थांबलात?"

"आता ती आपलीच झाली ना. कंडोम काढला की तिला वाटतं, मी संशय घेतोय."

हे मी फार ऐकते. ओळख झाली की धोका संपला, असं मनाला पटतं. विषाणूला ओळख कळत नाही. अनोळखी रात्रीपेक्षा या विश्वासाचीच मला जास्त धास्ती वाटते.

दुपारी १. कॉलेजचा मुलगा. "मी कधीच रिस्क घेणार नाही." आत्ता, पंख्याखाली बसून, तो खरंच बोलतोय. एरिअली आणि लोवेनस्टाइन या संशोधकांनी अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली शांत आणि कामोत्तेजित अशा दोन्ही अवस्थांत दिली होती. २००६ साली निष्कर्ष छापून आले: उत्तेजित असताना मुलं कंडोमशिवाय संबंधांना जास्त तयार होती. अभ्यासात फक्त मुलगे होते, पण माझ्या खुर्चीतून दिसतं ते याहून वेगळं नाही. म्हणून उपदेश न करता विचारते, "कंडोम कुठे ठेवशील? नसला तर काय म्हणशील?" पहिलं उत्तर अडखळत येतं. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणायला लावते.

२. डबा, रजिस्टर.

४. शनिवारी रात्री असुरक्षित संबंध आलेला एकजण आज, बुधवारी आलाय. "काही निघालं तर, या भीतीने आलो नाही." पेपच्या, म्हणजे संबंधानंतर संसर्ग टाळण्यासाठीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, पुढे २८ दिवस घ्यायच्या. ती वेळ निघून गेली. आज तपासणी, पुन्हा तीन महिन्यांनी.

तुमच्यावर अशी वेळ आली तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.