गावासाठी घडवलेला संगणक : सिम्प्युटर

शेतकरी बंधूंनो, ई-पीक पाहणी आपण आता फोनवर करतो. बांधावर उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा, नोंद सातबाऱ्यावर. ही सोय राज्यभर २०२१ साली आली. पण शेतावर नेता येईल, आपल्या भाषेत बोलेल, असा हातातला संगणक शेजारच्या बंगळूरला त्याच्या वीस वर्षे आधीच तयार झाला होता. त्याचे नाव सिम्प्युटर. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, तुम्हीही वाचा. तुमच्याच कामाची गोष्ट आहे.

खिशात मावणारे संगणक परदेशात आधीच निघाले होते. ॲपलचा 'न्यूटन' १९९३ साली आला. किंमत ७०० डॉलरच्या घरात, आणि हाताने लिहिलेले अक्षर वाचताना असा गोंधळायचा की लोकांनी त्याची चेष्टाच केली. १९९६ साली 'पाम पायलट' आला, तो मात्र चालला. पण ही सगळी साहेबलोकांची यंत्रे. इंग्रजी यायला हवे आणि ज्याचे त्याने विकत घ्यायचे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले चार प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर कंपनीतले तिघे अशा सात जणांनी १९९९ साली सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची असे ठरले. आता नऊ हजार म्हणजे त्या वेळी आपल्याला जडच. म्हणून त्यांनी तोड काढली : यंत्र एक, वापरणारे अनेक. प्रत्येकाकडे फक्त आपले स्मार्ट कार्ड. ते खाचेत सरकवले की त्याची माहिती समोर, काढले की पुढच्याचा नंबर. यंत्र पंचायतीत, शाळेत नाहीतर दुकानात ठेवायचे आणि भाड्याने द्यायचे, आपण मळणी यंत्र आणतो तसे. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात पटली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पडद्यावर चित्रे, आणि मजकूर हिंदी, कन्नड, तमिळमध्ये मोठ्याने वाचून दाखवायची सोय. आतली प्रणाली लिनक्स, म्हणजे तिला पैसे पडत नाहीत.

एप्रिल २००१ मध्ये नमुना लोकांपुढे आला आणि परदेशातही बोलबाला झाला. पण बाजारात यायला फार उशीर लागला. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिडा' सिम्प्युटर मार्च २००४ मध्ये निघाला. नुसता हातात हलवला की पान उलटायचे! किंमत मात्र दहा ते वीस हजार. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी आणि छत्तीसगडमध्ये शाळेत तो वापरला गेला. ५० हजार खपतील असा अंदाज होता, २००५ पर्यंत खपले सुमारे चार हजार.

का? मधल्या काळात मोबाइल स्वस्त झाला. २००३ साली इनकमिंग फुकट झाले, ५०१ रुपये भरून फोन मिळू लागला. सासरच्या लेकीचा आवाज ऐकू येतो म्हटल्यावर माणूस फोनच घेणार. शिवाय खप नाही म्हणून किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरत नाही म्हणून खप नाही.

माझ्या मते आणखी एक कारण आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोजचे बाजारभाव, हवामान, सातबारा हे कुणीतरी रोज आत भरायला हवे, तेही आपल्या भाषेत. ते काम सरकारी खात्यांचे. म्हणजे आमचेही. ते यंत्र बनवणाऱ्यांच्या हातातले नव्हते.

गेल्या खरिपात मी एका शिवारात गेलो होतो. आजोबा सोयाबीनमध्ये उभे, घरातला एकुलता फोन नातवाकडे, नातू तालुक्याला कॉलेजात. पाहणीची मुदत जवळ आलेली. सिम्प्युटरवाल्यांनी ती कार्डाची खाच अशाच माणसासाठी ठेवली होती. शेवटी शेजाऱ्याच्या फोनवरून आजोबांची नोंद केली. एका फोनवर अनेक खातेदारांची नोंद चालते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. तुमच्या घरीही असेच असेल, तर मुदत संपायची वाट पाहू नका, शेजाऱ्याला हाक मारा.