हरियालचा वड

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, हे आपली मुले शाळेत पाठ करतात. पण झाडावर दाखव म्हटले की गप्प बसतात. त्यांचा दोष नाही. वडाच्या पानांत वीस-पंचवीस हरियाल बसलेले असले तरी खालून एक दिसेल तर शपथ! सगळा थवा एकदम फडफडत उडाला की मगच कळते, झाडात केवढे पाहुणे होते ते. हिरवट-पिवळे अंग, राखाडी डोके, खांद्यावर जांभळट डाग आणि पिवळेधमक पाय. मराठीत याला हरोळीही म्हणतात.

हरियाल जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला येतो तेव्हाही पंजात काडी धरून येतो, असे जुनी माणसे सांगतात. काडीची गोष्ट सोडून द्या. तो पाण्यासाठी खाली उतरतो, पण क्वचित. त्याचे बाकी सारे आयुष्य फळझाडांवर जाते. वड, पिंपळ, उंबर हा त्याचा मुख्य दस्तरखान.

त्याचे मोठे भाऊबंद दूर इंडोनेशियाच्या बेटांवर राहतात. आपल्या बिर्याणीतले जायफळ मूळचे तिथले. ते पारवे जायफळाचे फळ अख्खे गिळतात आणि बी लांब नेऊन टाकतात. आपला हरियाल मात्र बारीक बिया पोटातच भरडतो. त्यामुळे माळी म्हणून त्याचे फार कौतुक नको. तो खरा मेहमानच!

या मेहमानाची अडचण अशी की एका वडाने त्याचे भागत नाही. सगळे वड एकाच वेळी फळत नाहीत. हा वड आज लगडलेला, पलीकडच्या गावातला दोन महिन्यांनी, मधल्या काळात कुठला तरी उंबर. थवा असा झाडावरून झाडावर वर्ष काढतो. मधली चार झाडे गेली की साखळी तुटते.

आपल्या खानदेशात सातपुड्याच्या कुशीत यावल अभयारण्य आहे, शिरपूर तालुक्यात अनेर आहे. खाली मैदानात मात्र कापूस आणि केळी. तिथे हरियालचे पोट भरत नाही. धुळे-जळगाववरून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गाचे चौपदरीकरण झाले आणि कडेची जुनी झाडे गेली. आम्हाला रस्ता हवाच होता. पण तेवढे वड पुन्हा कोणी लावले?

दुसरी गोष्ट घरातली. सुट्टीत पोरे गुलेल, छर्ऱ्याची बंदूक घेऊन निघतात आणि मोठे म्हणतात, हलालच आहे ना? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरियालची शिकार गुन्हा आहे. त्यात बहुतेकदा खाण्यापेक्षा नेमबाजीची मौजच जास्त असते. पक्ष्याला विनाकारण मारणाऱ्याकडे अल्लाह जाब मागेल, असा इशारा हदीसमध्ये आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो पोरांना ऐकवावा.

जमीन मात्र आपल्याकडे आहे. गावोगावी कब्रस्तान आहे, ईदगाह आहे. तिथे वड-उंबर लावा म्हटले की कोणीतरी हमखास कुजबुजते, ही तर 'त्यांची' झाडे. आम्हाला हे पटत नाही. सूरह अत्-तीनमध्ये अल्लाहने ज्या अंजिराची शपथ घेतली, त्याच अंजिराच्या कुळातले वड, पिंपळ आणि उंबर आहेत. आणि मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम दोन्हींत आहे.

फक्त जागा विचार करून निवडावी. कबरींजवळ, भिंतीजवळ नको, मुळे फार पसरतात. मोकळा कोपरा बघावा. वडाला रोपच हवे असे नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड फांदी रोवली तरी ती फुटते. भोवती काट्यांचे कुंपण घालावे, नाहीतर बकऱ्या ठेवणार नाहीत. आणि मस्जिदीच्या आवारात लावायचे असेल, तर वुजूचे पाणी गटारात न सोडता पाइपने तिकडे वळवावे. खानदेशच्या मे महिन्यातही झाड तग धरते.