आकड्यांचा डोंगर आणि न बोलणारी माणसे

समाजमाध्यमांवर दररोज साचणाऱ्या मजकुराचे यंत्राच्या साहाय्याने पृथक्करण करून लोकमताचा, बाजाराचा वा रोगराईचा अंदाज बांधण्याचे शास्त्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगलेच फोफावले आहे. कोट्यवधी नोंदी काही मिनिटांत चाळता येत असतील, तर गावोगाव प्रगणक पाठवून प्रश्नावल्या भरून घेण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न त्यामुळे विचारला जाऊ लागला आहे. प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु संख्याशास्त्राचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

१९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीने पिचलेला मतदार त्या याद्यांत कोठून असणार? त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल अचूक ओळखला. अलीकडचा दाखलाही याच जातीचा आहे. लोक संगणकावर काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखण्याचा प्रयोग ‘गूगल’ने २००८ मध्ये सुरू केला; २०१२-१३ च्या हंगामात त्याचा अंदाज वस्तुस्थितीच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण शीत कोठून उचलले, याला महत्त्व असते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे मर्म हेच होते. कोणते घर पाहणीत यावे हे त्या घराच्या वाचाळपणावर नव्हे, तर यादृच्छिक निवडीवर ठरते. समाजमाध्यमांत मात्र जो बोलतो तोच मोजला जातो.

आपल्याकडे बोलतो कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात अवघ्या ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते. घाटंजीसारख्या कापूसपट्ट्यातील तालुक्यात हा प्रश्न अधिकच गहिरा होतो. येथील पोडांवर राहणाऱ्या कोलामांची भाषा निराळी, बंजारा तांड्यांची निराळी. वऱ्हाडी बोलीत, तीही रोमन अक्षरांत, कोणी लिहिलेच, तर प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या यंत्राला त्यातील तक्रार कोणती आणि थट्टा कोणती, हे उमगणे कठीण.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या अनर्थाची मोजदाद झाली ती रुग्णालयांतील नोंदींवरून. पाठीवर पंप घेतलेला मजूर आपली व्यथा समाजमाध्यमांवर नोंदवील, या भरवशावर धोरण आखणे म्हणजे त्याला हिशेबातून वगळणेच होय.

अर्थात हे संशोधन निरुपयोगी आहे, असे मुळीच नव्हे. २०१५ च्या चेन्नईतील महापुरात अडकलेल्यांपर्यंत मदत पोहोचविण्यास समाजमाध्यमांचा उपयोग झाला. तातडीची हाक ऐकण्यास हे साधन उत्तम आहे. समाजाची मोजणी करण्यास अपुरे आहे. शिवाय ही सामग्री खासगी कंपन्यांच्या कुलपात असते. ‘ट्विटर’ने २०२३ मध्ये संशोधकांची मोफत वाट बंद केली, ‘मेटा’ने २०२४ मध्ये ‘क्राउडटँगल’ हे साधन गुंडाळले. जे निष्कर्ष दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाहीत, त्यांवर सार्वजनिक पैशाचे वाटप कसे सोपवावे?

२०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. अशा काळात स्वस्त आणि झटपट आकड्यांचा मोह शासनाला पडणे स्वाभाविक आहे. तो आवरला पाहिजे. तालुक्यातालुक्यांतील महाविद्यालयांनी मतदारयादीतून यादृच्छिक नावे काढून, विद्यार्थ्यांकरवी छोट्या पाहण्या कराव्यात आणि यंत्राच्या निष्कर्षांशी त्या ताडून पाहाव्यात. खर्च फारसा नाही. चिकाटी मात्र हवी. लोकशाहीत ज्याचा आवाज मोठा त्याचीच गणना होऊन चालत नाही. जो बोलत नाही, त्याच्या दारापर्यंत कोणीतरी जावेच लागते.