हसणाऱ्या खेळाडूमागचं विज्ञान

डिसेंबर उजाडला की ठाणे जिल्ह्यातल्या मोकळ्या मैदानांवर टेनिस क्रिकेटचे मंडप उभे राहतात. डोंबिवली, दिवा, कल्याणच्या आसपासची गावं, भिवंडीकडचा पट्टा, सगळीकडे हेच चित्र दिसतं. मंडपात समालोचक, कर्ण्यावर त्याचा आवाज आणि चेंडू सीमेपार गेला की लगेच घोषणा: पुढच्या षटकाराला अमुक रुपये, अमुक दादांकडून. प्रेक्षक दोरीला खेटून बसलेले असतात. क्षेत्ररक्षक त्यांच्याशी गप्पा मारतो, झेल सुटला तर स्वतःच डोक्यावर हात मारून हसतो, आणि तीच पोरं पुढच्या चेंडूला त्याच्या नावाने ओरडतात. मार्च २०२४ मध्ये टेनिस चेंडूवरची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहात भरली, तेव्हा या गल्लीतल्या उत्साहाला मोठ्या दिव्यांचा प्रकाश मिळाला.

असा खेळाडू लोकांना आवडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. त्याचा आनंद शेजारच्या माणसात कसा उतरतो आणि खेळावर त्याचा काही परिणाम होतो का, हे मात्र मोजून पाहावं लागतं.

ते मोजण्याचा एक प्रयत्न नेमका क्रिकेटमध्येच झाला. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर टॉटरडेल यांनी दोन व्यावसायिक संघांच्या खेळाडूंच्या हाती छोटे खिशातले संगणक दिले. चार दिवसांच्या सामन्यात दिवसातून तीनदा प्रत्येकाने आपली मनःस्थिती आणि आपला खेळ कसा होतोय, याची नोंद करायची होती. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहकारी आनंदी असतील तेव्हा खेळाडूही अधिक आनंदी असायचा आणि आपला खेळ चांगला होतोय असं त्याला वाटायचं. संघ सामन्यात वरचढ आहे की नाही, ही बाब वेगळी काढल्यावरही हा संबंध टिकला. म्हणजे ‘जिंकतायत म्हणून हसतायत’ एवढ्यावर विषय संपत नाही. मात्र इथे धावा आणि बळी मोजलेले नाहीत, खेळाडूंचं स्वतःबद्दलचं मत मोजलं आहे.

मानसशास्त्रात याला भावनांचा संसर्ग म्हणतात. समोरच्याचा चेहरा, आवाज, अंगाची ठेवण यांची आपण नकळत नक्कल करतो आणि ती नक्कल आपल्या मनःस्थितीलाही थोडी त्या दिशेला नेते. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टी शूटआउटची चित्रफीत तपासणाऱ्या संशोधकांना २०१० मध्ये असं आढळलं की गोल केल्यावर दोन्ही हात उंचावून जल्लोष करणारे खेळाडू बहुधा शेवटी जिंकणाऱ्या संघातले होते. जल्लोषाने सामना जिंकला, असं यातून सिद्ध होत नाही. पण दोरीला खेटून बसलेल्या गर्दीला हे सांगून बघा, कुणी वाद घालणार नाही.

आता बेसबॉल. अमेरिकेत १९५२ च्या एका वार्षिक नोंदवहीत खेळाडूंची छायाचित्रं होती. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या अर्नेस्ट एबेल आणि मायकेल क्रूगर यांनी त्या चेहऱ्यांचे तीन गट केले: न हसणारे, फक्त ओठांनी हसणारे आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत मनापासून हसणारे. मरण पावलेल्या खेळाडूंचं सरासरी आयुष्य अनुक्रमे ७२.९, ७५ आणि ७९.९ वर्षं निघालं. २०१० चा हा अभ्यास जगभर गाजला. ‘हसा आणि सात वर्षं जास्त जगा’ या धर्तीचे संदेश आजही मोबाइलवर फिरतात.

मात्र २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने हाच अभ्यास अधिक खेळाडूंवर पुन्हा केला. कोण कोणत्या साली जन्मला याचा हिशेब नीट धरल्यावर हसू आणि आयुर्मान यांचा संबंध उरला नाही. ही दुसरी बातमी अर्थातच फारशी फिरली नाही. छायाचित्रातलं हसू ही एका क्षणाची गोष्ट. छायाचित्रकाराने ‘हसा’ म्हटलं म्हणूनही ते आलेलं असू शकतं.

त्यामुळे चेहऱ्यावरच्या आनंदापेक्षा तो टिकतो कशाने, हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कल्याणकरांना या संदर्भात एक नाव लगेच आठवेल. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव धनावडे याने के. सी. गांधी शाळेकडून खेळताना भंडारी चषक स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ मध्ये ए. ई. जे. कॉलिन्सने केलेला नाबाद ६२८ चा विक्रम मोडला गेला. प्रणव तेव्हा पंधरा वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी मैदानावर कॅमेरे आले, मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी, मुलाच्या धावा होत नाहीत म्हणून वडिलांनी संघटनेला ती थांबवण्याची विनंती केली. पैसे नाकारणाऱ्या त्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण पंधराव्या वर्षी ज्याच्या नावापुढे चार आकडी संख्या लागली, त्याची पुढची प्रत्येक साधी खेळी त्या आकड्याशी ताडून पाहिली जाणार होती. त्याच्या मनात काय झालं, हे बाहेरून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. ओझं किती होतं, ते मात्र दिसत होतं.

बक्षीस आणि आवड यांचं नातं १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत तपासलं गेलं. स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी पेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा त्या मुलांनी इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटली नव्हती. षटकारावर लावलेल्या रुपयांमुळे मोठ्या खेळाडूची मजा कमी होते, असा अर्थ यातून घाईने काढू नये. दहा वर्षांच्या मुलाला ‘पन्नास केलेस तर सायकल’ म्हणताना मात्र क्षणभर थांबायला हरकत नाही.

सामन्याच्या दिवशीच पोट दुखणं, आदल्या रात्री झोप न लागणं, आवडीचा खेळ असूनही सरावाला टाळाटाळ, चिडचिड असं आठवड्यामागून आठवडे चाललं, तर त्याला आळस समजू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, अंगदुखी किंवा जुनी दुखापत आहे का ते पाहावं, गरज वाटल्यास समुपदेशकाशी बोलावं. काही आठवड्यांची सुट्टीही उपयोगी पडते.

खेळात मजा कशाने येते, हे अमेरिकेतल्या अमांडा विसेक यांनी २०१४ मध्ये फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनाच विचारलं. उत्तरांतून ८१ गोष्टींची यादी तयार झाली. मन लावून खेळणं, सहकाऱ्यांची साथ, चांगला वागणारा प्रशिक्षक हे वर होतं. जिंकणं बरंच खाली होतं.