चार-दोन-चार : फुटबॉलच्या चढाईचे गणित

शाळा सुटल्यावर खुलताबादच्या एखाद्या मैदानावर मुलांचा फुटबॉल पाहा. चेंडू जिकडे, तिकडे सगळी मुले! गर्दीत कोणालाच वाट सापडत नाही आणि गोलही होत नाही. खेळाडू दमतात, पण चढाई होत नाही. कारण चढाईला पायांइतकीच मोकळ्या जागेची गरज असते. ही जागा कशी निर्माण करायची?

याचे एक उत्तर शोधणारा माणूस आपल्या शेजारचाच होता. १९५६ पर्यंत खुलताबाद हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. भारतीय संघात ४-२-४ ही रचना त्यांनीच रुजवली.

४-२-४ म्हणजे गोलरक्षक सोडून चार खेळाडू बचावाला, दोन मध्ये आणि चार आघाडीला. त्या काळी बहुतेक संघ ‘डब्ल्यू-एम’ पद्धतीने खेळत. तिच्यात तीन बचावाला, चार मध्ये आणि तीन पुढे असत. आता या दोन संघांची गाठ घालून वजाबाकी करू. आपले आघाडीचे चार, त्यांचे बचावाचे तीन : आपला एक जास्त. आपले बचावाचे चार, त्यांचे पुढचे तीन : पुन्हा एक जास्त. पण मध्ये आपले दोन आणि त्यांचे चार, म्हणजे दोन कमी! एकूण बेरीज शून्यच. मैदानावर अकरांचे बारा कोणी करू शकत नाही. फक्त ते कोठे उभे करायचे, हे ठरवता येते.

आता दुसरा प्रश्न. आघाडीच्या चौघांपैकी दोघे मैदानाच्या अगदी कडेला का? उत्तर भूमितीत आहे. गोलची रुंदी ७.३२ मीटर. एका मीटरला अर्धा सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन वहीत आकृती काढा. गोलच्या बरोबर समोर ११ मीटरवर एक बिंदू घ्या व तो दोन्ही खांबांना जोडा. कोनमापकाने मोजा : सुमारे ३७ अंश. आता गोलरेषेपासून तेवढ्याच अंतरावर, पण २० मीटर बाजूला दुसरा बिंदू घ्या. कोन भरतो जेमतेम ९ अंश! म्हणजे कडेचा खेळाडू स्वतः गोल करण्यासाठी तेथे नसतो. त्याला अडवायला बचावपटू बाजूला ओढला जातो, मधली फट रुंदावते, आणि तेवढ्यात चेंडू मधल्या साथीदाराकडे जातो. धावणाऱ्या माणसापेक्षा मारलेला चेंडू केव्हाही वेगवान.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. पुढे बूट आले, सराव बदलला, डावपेचही बदलले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे! त्या स्पर्धेत भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक मिळवले. दुसरा गोल जर्नेलसिंगचा. तो खरे तर बचावपटू. पण डोक्याला टाके पडल्यामुळे रहीम यांनी त्याला आघाडीला खेळवले होते. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगाने वारले.

मग आज सगळे संघ ४-२-४ का खेळत नाहीत? वर केलेली वजाबाकी आठवा. मधल्या दोघांना चौघांचे काम करावे लागते. ते थकले की चेंडू आघाडीपर्यंत पोचतच नाही. १९५८ ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलने याच रचनेने जिंकली, पण त्यांचा डावीकडचा झागालो वारंवार मागे येऊन मधल्यांना हात देई. त्यातूनच ४-३-३ ही रचना रूढ झाली.

उद्या खेळताना एक प्रयोग करा. चौघांनी आपापली जागा धरायची, चेंडू आपल्याकडे नसला तरी सोडायची नाही. दहा मिनिटांत किती वेळा गोलसमोर पोचलात ते मोजा आणि नेहमीच्या खेळाशी ताडून पाहा.