न्गारीचं मडकं आणि खान्देशची बिबडी

समुद्राची मासळी जळगाव-धुळ्याच्या आठवडी बाजारात पिढ्यानपिढ्या आली ती सुकूनच: बोंबील, सुकट, जवळा. उन्हाने पाणी काढून घेतलं की जंतूंना वाढायला वाव राहत नाही, म्हणून ती टिकते. मासा आंबवून टिकवण्यात मुरलेले लोक ईशान्येचे. त्यांच्या माशावर गेल्या वीस-बावीस वर्षांत जे संशोधन झालं, ते खान्देशाने नीट पाहावं असं मला मनापासून वाटतं. आंबवणं आपल्याही घरात आहेच, फक्त ते ज्वारी-गव्हाचं आहे.

मणिपुरात फोउबू नावाचे बोटभर मासे उन्हात वाळवतात, जरासे धुऊन मोहरीच्या तेलाने माखलेल्या मडक्यांत ठासून भरतात आणि तोंड लिंपून कित्येक महिने तसेच ठेवतात. मीठ अजिबात नाही. ही न्गारी. २००४ मध्ये थापा, पाल आणि सिक्कीमचे ज्योती प्रकाश तमांग यांनी न्गारी, हेन्ताक आणि तुंगताप या तिन्ही आंबवलेल्या माशांतले जंतू बशीत वाढवून त्यांची ओळख पटवली. दुग्धाम्ल जंतू, बॅसिलस, यीस्ट अशी मंडळी सापडली. पण बशीची मर्यादा जुनी आहे: जे तिथे वाढतात तेवढेच दिसतात.

त्यावरची वाट १९७७ मध्येच खुली झाली होती. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी जंतूंचं नातं त्यांच्या रायबोसोममधल्या आरएनएवरून लावून दाखवलं. या आरएनएचं सुमारे दीड हजार अक्षरांचं ‘१६-एस’ जनुक वाचलं की, जंतू वाढवला नाही तरी त्याचं कूळ कळतं.

२०१५ मध्ये इंफाळच्या संशोधकांनी दोन ठिकाणच्या मडक्यांतून नऊ महिने नमुने घेतले. जंतूंची एकूण संख्या पाहिली तर मडक्यात विशेष काही घडतच नव्हतं. डीएनए पाहिल्यावर मात्र कळलं की वस्तीच बदलते आहे. तिसऱ्या महिन्यात टेट्राजेनोकोकस हॅलोफिलस डोकं वर काढतो आणि सहाव्यापासून लॅक्टोबॅसिलस पोबुझिहीच्या जवळचा एक जंतू. नुसत्या मोजणीवर विसंबलं असतं तर ही उलथापालथ कळलीच नसती.

आता आपल्याकडे वळू. बिबडीसाठी ज्वारी तीनेक दिवस भिजते. पाण्यावर फेस येतो, आंबूस वास घरभर पसरतो. मग ती दळून, पीठ कालवून पुन्हा आंबवायचं, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून शिजवायचं आणि ओल्या धोतरावर थापून वाळवायचं. घराघरात रीत थोडी वेगळी, आणि ‘आता झालं’ हे बाईच्या नाकाला कळतं. कुरडईच्या गव्हाचंही तेच: रोज पाणी बदलत भिजवणं, वाटून चीक काढणं, वरचं आंबट पाणी ओतून देणं. त्या ओतलेल्या पाण्यात कोण होतं, हा प्रश्न न्गारीच्या मडक्याइतकाच मोलाचा आहे.

साधनं आपल्यापासून लांब नाहीत. जळगावचं विद्यापीठ १९९० पासून आहे, २०१८ पासून ते बहिणाबाईंच्या नावाने ओळखलं जातं, आणि तिथे जीवशास्त्र प्रशाळा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात २००९ पासून जंतूंचा मोठा संग्रह उभा राहिला. २०१४ पासून तर तळहातावर मावणारी, शंभर ग्रॅमच्या आतली क्रमवाचन यंत्रं निघाली आहेत. मात्र नुसत्या डीएनएवर भागत नाही, कारण मेलेल्या जंतूचा डीएनएही वाचला जातो. इंफाळकरांनीही बशी आणि जनुक दोन्ही वापरले होते. इथेही तसंच करावं लागेल.

तयार बिबडी-कुरडई दुकानात मिळू लागल्यापासून घरची पातेली कमी होत आहेत. एकदा पातेलं बंद झालं की त्या घरची आंबवण पुन्हा तशीच मिळेल याची खात्री नाही. म्हणून जळगाव-धुळ्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना विनंती आहे: येत्या उन्हाळ्यात चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेड्यातल्या घरांतून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवसाचं पाणी गोळा करा, त्यातले जंतू पुण्याच्या संग्रहात जमा करा, आणि ज्या बायकांनी नमुने दिले त्यांना निष्कर्ष मराठीत कळवा.