सुक्कोत सणातील जलार्पणविधी

ज्यू लोकांचा सुक्कोत अर्थात मांडवांचा सण तिश्री महिन्याच्या १५ व्या दिवसापासून सात दिवस चालतो. खळ्यातील धान्य व कुंडातील द्राक्षारस यांची साठवण झाल्यावर तो पाळावा, अशी अनुवाद ग्रंथाची आज्ञा आहे. त्या भूमीत उन्हाळा सर्वस्वी कोरडा जाऊन पाऊस या सणानंतरच अपेक्षित असतो. म्हणजे एका सुगीची कृतज्ञता व पुढील पेरणीची चिंता या सणात एकत्र येतात. जेरुसलेमच्या मंदिरातील जलार्पणाचा उगम या चिंतेत शोधावा लागतो.

विधीचे वर्णन इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाच्या ‘सुक्का’ या प्रकरणात आढळते. तीन लोग मापाचे सुवर्णपात्र शिलोहच्या तळ्यावर भरून जलद्वाराने आणीत. त्या वेळी कर्ण्यांचा घोष होई. वेदीवर पाण्यासाठी एक व द्राक्षारसासाठी एक अशी दोन पात्रे असत. त्यांची छिद्रे लहानमोठी ठेवण्याचा हेतू हा, की दोन्ही एकाच वेळी रिती व्हावीत.

तोरामध्ये द्राक्षारसाच्या अर्पणाचे विधान आहे. पाण्याच्या अर्पणाचे स्पष्ट विधान नाही. तल्मूदकारांनी गणना ग्रंथाच्या २९ व्या अध्यायातील तीन अक्षरांतून ‘पाणी’ हा शब्द सूचित केला, तो यामुळेच. परंपरा प्रमाण मानावी की केवळ लिखित वचन, हा वाद येथे प्रत्यक्ष वेदीपर्यंत पोहोचला. एका पुरोहिताने पाणी स्वतःच्या पायांवर ओतले, तेव्हा लोकांनी त्याच्यावर महाळुंगे फेकली, असे मिश्ना सांगते. तल्मूद त्यास सदूकी म्हणते.

इतिहासकार जोसेफस याने राजा व महापुरोहित अलेक्झांडर यान्नाय (इ. स. पू. १०३–७६) याच्यावर याच सणात महाळुंगे फेकली गेल्याचे व त्यानंतर सुमारे ६,००० लोक मारले गेल्याचे नमूद केले आहे. अनेक अभ्यासक हे दोन्ही प्रसंग एकच मानतात. तथापि जोसेफस पाण्याचा उल्लेख करीत नाही, आणि मिश्ना राजाचे नाव घेत नाही. म्हणून हे ऐक्य अनुमान होय, प्रमाण नव्हे.

इ. स. ७० मध्ये मंदिर नष्ट झाले आणि जलार्पण थांबले. परंतु सणाच्या सात दिवसांनंतर येणाऱ्या शमिनी अत्सेरेतच्या दिवशी पर्जन्याची प्रार्थना आजही म्हटली जाते. वेदी गेली, तरी विधीमागील याचना अशा रीतीने शब्दरूपाने टिकून राहिली.